काडी मोडल्यावर

नवऱ्याचे मन दुसरीकडे गेले आहे, हे बायकोला कळण्याचा क्षण आमच्या कथालेखकांना फार प्रिय आहे. कोटाच्या खिशात सापडलेली चिठ्ठी, शेजारणीने अर्ध्यावर सोडलेले वाक्य, रात्री उशिरा वाजलेली कडी, एवढ्या सामग्रीवर मराठीत किती कथा उभ्या राहिल्या असतील त्याची गणतीच नको. अलीकडे खिशातल्या चिठ्ठीची जागा मोबाइलने घेतली, इतकाच काय तो फरक. मग भांडण, अश्रू, वकिलाचा जिना, आणि बहुधा तेथेच पडदा. मी दिवसा शाळेत मुलांना शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. या दोन्ही धंद्यांमुळे मला कुतूहल असते ते पडदा पडल्यानंतरचे. कोर्टाचा कागद हाती आला, बाई सात वर्षांच्या मुलाचे बोट धरून मंगळवेढ्याच्या स्टँडवर उतरली आणि रात्री माहेरच्या सोप्यात दोघांचे अंथरूण पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले? मुलाला नव्या शाळेत घालताना तिने त्याच्या बापाचे नाव कोणत्या आवाजात सांगितले? भावजयीच्या चुलीशी ती केव्हा गेली? आणि किती दिवसांनी, कोणत्या क्षुल्लक निमित्ताने, ती पुन्हा मनापासून हसली?

या प्रश्नांची उत्तरे शोधीत मी काही जुनी-नवी पुस्तके पुन्हा हाती घेतली. पण आधी भाषेकडेच पाहावे. संसार मोडण्यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. काडीमोड आहे, सोडचिठ्ठी आहे, फारकत आहे. पांढरपेशा घरांत ही गोष्ट उच्चारणेही पाप मानीत असत, त्या काळी इतर अनेक जातींत पंचांपुढे काडी मोडून बाई मोकळी होत असे आणि पाट लावून पुन्हा संसाराला लागत असे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली काडीमोडीचा कायदा केला. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा व्हायला १९४७ साल उजाडले, आणि साऱ्या देशासाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा यावा लागला. उभयतांच्या संमतीने वेगळे होण्याची सोय तर १९७६ ची. म्हणजे गोष्ट जुनीच, कागद तेवढे नवे. परंतु त्या बाईला नाव काय दिले? टाकलेली, सोडलेली, आणि जरा सभेत बोलायचे झाले तर परित्यक्ता. तिन्ही शब्द एकाच घडणीचे आहेत. क्रिया दुसऱ्याने केली, ती हिच्यावर झाली. व्याकरणाच्या तासाला फळ्यावर कर्ता आणि कर्म लिहिताना मला हे शब्द नेहमी आठवतात.

तिला कर्त्याच्या जागी बसवणारे एक चांगले क्रियापद मात्र मराठीत आहे, ते म्हणजे सावरणे. पदर सावरावा, धडपडणारे मूल सावरावे, कलंडणारी उतरंड सावरावी आणि तसेच स्वतःलाही. सावरण्यात विसरणे येत नाही, क्षमाही येत नाही. तोल जात असताना हातातले खाली पडू न देणे, एवढेच त्यात येते. आमच्या वाङ्मयाने या सावरण्याला कितपत जागा दिली, हा माझा प्रश्न आहे.

मराठी संगीत रंगभूमीचे भाग्य उजळले तेच मुळी एका टाकलेल्या मातेच्या कथेने. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्या रात्री पहिले चारच अंक झाले. शकुंतला सासरी निघते आणि कण्वांचे मन भरून येते, तेथवर. राजाने भरसभेत तिला ओळख दाखवली नाही तो भाग पुढे केव्हातरी! योगायोगच, पण मला तो फार सूचक वाटतो.

शकुंतला दोन आहेत, हे आपण विसरतो. व्यासांची शकुंतला मुलाला हाताशी धरून स्वतः दरबारात उभी राहते. दुष्यंताला सारे आठवत असते आणि तरी तो नाकारतो. ती त्याच्याशी वाद घालते, सत्याची थोरवी त्याला ऐकवते, आणि शेवटी आकाशवाणी तिच्या बाजूने बोलते. येथे अंगठी नाही, शाप नाही. राजा खोटे बोलला, असे महाभारत सरळ सांगते. कालिदासाला आपला नायक असा हीन ठरणे परवडणारे नव्हते. त्याने दुर्वासांचा शाप आणला, अंगठी आणली, माशाचे पोट आणले, आणि नवऱ्याचा दोष शापाच्या माथी मारला. ‘त्यांचे डोके त्या वेळी ठिकाणावर नव्हते’ हे समर्थन आमच्या घरोघरी ऐकू येते, त्याचा मूळ पुरुष हा कालिदासच की काय, अशी शंका येते. तथापि त्याच कवीने सातव्या अंकात एक गोष्ट अशी केली आहे की तिच्यापुढे मान लवावी. सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहणारा मुलगा, समोर आलेला हा अनोळखी पुरुष कोण, असे आईला विचारतो. ती बापाची निंदा करीत नाही आणि स्तुतीही करीत नाही. आपल्या नशिबाला विचार, एवढेच सांगते. इतक्या वर्षांचे सावरणे त्या एका उत्तरात आहे. ती वर्षे मात्र नाटकात कोठेच नाहीत. मारीच ऋषींच्या आश्रमात तिने ते मूल कसे वाढवले, रात्री त्याला काय सांगून झोपवले, हे कालिदासाने दोन अंकांच्या मधल्या अंधारात ठेवले. आमच्या कथाकादंबऱ्यांनी तो अंधार तसाच पुढे चालवला.

त्यानंतर आली गडकऱ्यांची सिंधू. १९१९ साली, नाटककाराच्या मृत्यूनंतर, ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला आणि मराठी बायकांना त्या नाटकाने एक वाईट सवय लावली, असे मी म्हटले तर रसिक रागावतील. तेथे सवत आहे ती बाटलीच. परंतु मूल बापाच्या हातून मरते आणि आई मरतामरता त्या बापाला वाचवण्यासाठी खोटे बोलते, हा आदर्श तीन पिढ्यांनी डोळे पुसत पाहिला. मला त्यातले सिंधूचे दळण तेवढे खरे वाटते. लेकरासाठी जात्यावर बसलेली बाई! तिला आणखी एखादा अंक दिला असता तर ती सावरली असती. गडकऱ्यांना तिला मारायचेच होते.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ने खळबळ उडवणाऱ्या विभावरी शिरूरकरांनी लगोलग ‘हिंदोळ्यावर’ लिहिली. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर. पुढे त्या सोलापूरच्या गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींच्या वसाहतीत काम करीत होत्या आणि त्या अनुभवावर त्यांनी १९५० साली ‘बळी’ लिहिली, म्हणून आम्हा सोलापूरकरांना त्या आपल्याच वाटतात. ‘हिंदोळ्यावर’ची अचला नवऱ्यापासून वेगळी राहणारी, शिकलेली बाई. तिच्या काळात तिला कायद्याने मोकळे होता येत नव्हते. ती दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, मूल होण्याची ओढ लपवीत नाही. त्या काळच्या वाचकांना धक्का बसला तो या ओढीचा. मला त्या कादंबरीत महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. येथे बाई पहिल्यांदाच स्वतःच्या मनाशी हिशेब मांडीत बसलेली दिसते. तिच्या हातून काही चुकेल, पण ती वाट पाहत नाही. भाषा जुनी झाली, काही संवाद आज व्याख्यानासारखे वाटतात, तरी हा हिशेब जुना झालेला नाही.

नंतर पन्नास वर्षे ओलांडून १९८० च्या दशकात यावे लागते, आणि ते दशक या विषयाचेच होते असे म्हणावेसे वाटते. १९८२ साली जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळांची ‘बेघर’ ही कादंबरी आणि तेंडुलकरांची पटकथा. सुलभा घर सोडून महिलाश्रमाच्या अधीक्षकपदावर जाते. परतते तेव्हा नवऱ्याचा दुसऱ्या स्त्रीशी संबंध जुळलेला असतो आणि लहानगी मुलगी काकूला बिलगलेली. स्मिता पाटीलचा तो चेहरा कोण विसरेल? नवऱ्याचे बोलणे ती ऐकून घेते. पण मुलगी आपल्याकडे झेपावत नाही, या दुःखापुढे तो दुसरा घाव फिका पडतो. शेवटी ती पुन्हा घराबाहेर पडते. इब्सेनच्या नोराने १८७९ मध्ये दार लोटले, तेव्हापासून जगभरच्या नाटककारांना हे दार फार आवडते. दाराबाहेर पडणे धैर्याचे असते यात वाद नाही. पण मुलाला घेऊन बाहेर पडणारीला, किंवा मुलाला घेऊन मागे राहणारीला, दार असे एकदाच लोटून भागत नाही. दुसऱ्या दिवशी दूध आणायला तेच दार उघडावे लागते.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ प्रसिद्ध झाले. आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांची ही लेक, स्वतः कवयित्री. पती नामदेव ढसाळ म्हणजे ‘गोलपिठा’चे कवी आणि १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्यांपैकी एक. पुस्तक लिहिले तेव्हा बाईंचे वय अवघे सत्तावीस. पतीचे बाहेरचे संबंध, दारू, मारहाण, पैशांची ओढाताण, आणि या सगळ्याच्या मध्ये लहान मूल, हे त्यांनी ज्या भाषेत लिहिले त्या भाषेला मराठी आत्मचरित्र तोवर सरावलेले नव्हते. दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे त्यातला प्रत्येक तपशील मांडण्याचे कारण नाही. सांगायचे ते एवढेच की, या बाईने स्वतःची सिंधू होऊ दिली नाही. प्रेम, संताप, स्वतःचीच कीव, पुन्हा ओढ, हे सारे तिने शेजारीशेजारी मांडले, आणि त्यात आपण शोभून दिसतो की नाही याची पर्वा केली नाही.

पुस्तकाचे नाव ऐकून पुष्कळांनी ते केवळ निराशेचे मानले. मला तसे वाटत नाही. उद्ध्वस्त व्हायचे ते ‘मला’, आणि माझ्या इच्छेने, असा हट्ट त्या नावात आहे. ‘टाकलेली’ या शब्दाला दिलेले ते उत्तर आहे. तरीही एक उणीव बोलून दाखवली पाहिजे. त्या पानांतले मूल आईच्या काळजाला लागलेला दोर म्हणून सतत जाणवते, दोन्हीकडून ओढला जाणारा दोर. ते मूल स्वतः काय पाहत होते, त्याला भीती कशाची वाटत होती, हे फारसे दिसत नाही. सत्तावीस वर्षांच्या, अजून आगीतच उभ्या असलेल्या बाईकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, हेही खरे. काडीमोड तर झालाच नाही. २०१४ साली ढसाळ वारले तोवर ते नाते काही सुटले नव्हते. मोडणे आणि सुटणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे या पुस्तकाइतके स्पष्ट मला दुसऱ्या कोणी सांगितले नाही.

१९८८ साली माधवी देसाईंचे ‘नाच ग घुमा’ आले. भालजी पेंढारकरांची कन्या, पहिले पती वारले तेव्हा पदरी तीन मुली, पुढे ‘स्वामी’कार रणजित देसाईंशी विवाह आणि काही वर्षांनी घटस्फोट. हे पुस्तक मी येथे आणते ते बाहेरख्यालीपणाच्या प्रश्नासाठी नव्हे. मुलींची आई दुसऱ्यांदा उघड्यावर आली आणि तरी उभी राहिली, ते कसे, हे पाहण्यासाठी. मंगळागौरीच्या त्या गाण्यातली घुमा प्रत्येक वेळी सांगते की अमुक कारागीर आला नाही, तमुक दागिना अंगावर नाही, मग मी नाचू कशी? माधवीताईंनी तो खेळातला प्रश्न आयुष्याचा करून टाकला. मल्लिकाबाईंच्या लेखनातला जाळ येथे नाही. येथे घरंदाज बाईची अदब आहे, ती कधी कधी अडचणीचीही वाटते. राग यायला हवा तेथे त्या दुःख करतात. पण त्या लिहीत राहिल्या, पुढेही पुस्तके देत राहिल्या.

अशा पुस्तकांचे दुर्दैव असे की, वाचक ती लेखिकेसाठी वाचीतच नाहीत. कवी ढसाळ घरात कसे होते, नाथमाधवांच्या तोडीचे कादंबरीकार देसाई जेवताना काय बोलत, याचीच चर्चा अधिक. बाईने दुसऱ्या दिवशी काय केले हे विचारायचे राहूनच जाते. ‘नाच ग घुमा’ आले त्याच १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची हक्क परिषद भरवली. तेथे जमलेल्या बायकांची नावे कोणत्याही वाङ्मयाच्या इतिहासात नाहीत. पण पोट कसे भरायचे, राहायचे कोठे, मुलाचे कसे, असे त्यांचे प्रश्न होते. म्हणजे आमच्या कादंबऱ्यांनी गाळलेली प्रकरणे तीच.

(फसवला गेलेला पुरुषही असतो आणि त्याच्याही पदरी मूल असते. आमच्या वाङ्मयात त्याची थट्टा होते किंवा लगेच दुसरे लग्न होते. तिसरे काही होताना मी क्वचितच वाचले आहे.)

आता या गाळलेल्या प्रकरणांत असते तरी काय? दिवाळीचे दिवस आहेत, म्हणून दिवाळीचाच दाखला घेते. नरकचतुर्दशीला बाईला उसंत नसते, भाऊबीजेला माहेरचा भाऊ असतो. पण पाडव्याची सकाळ येते. घरातल्या बाकीच्या बायका नवऱ्यांना ओवाळतात. समजा, आठ वर्षांचा मुलगा आपण होऊन टोपी घालून पाटावर येऊन बसला आणि आईला म्हणाला, मला ओवाळ. ओवाळावे तर एवढ्याशा पोरावर घरधन्याचे ओझे चढवल्यासारखे होते. न ओवाळावे तर ते हिरमुसून उठणार. एखादी आई त्याच्याबरोबर भाचीलाही पाटावर बसवील, दोघांना मिळून ओवाळील आणि हातावर करंजी ठेवील. यात ना टाळीचे वाक्य आहे, ना अश्रू. पण सावरणे ते हेच, आणि हे लिहायला कोर्टातल्या प्रसंगापेक्षा अधिक चांगला लेखक लागतो.

असा लेखक मला सापडला तो दूर रशियात. टॉलस्टॉयची ‘अ‍ॅना करेनिना’ १८७५ ते १८७७ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. सारे जण अ‍ॅनाची शोकांतिका आठवतात. माझा जीव डॉलीवर आहे. कादंबरी उघडते तीच मुळी डॉलीच्या घरात. नवऱ्याचे मुलांच्या शिक्षिकेशी संबंध होते हे उघडकीला आले आहे, आणि घरात पोरांचा गोतावळा. ती त्याला सोडीत नाही, तिच्या देशकाळात ते सोपेही नव्हते. उन्हाळ्यात ती मुलांना घेऊन खेड्यातल्या घरी जाते. नवऱ्याने घराची डागडुजी केलेली असते. म्हणजे काय, तर पडदे लावलेले, बाग साफ केलेली. छप्पर गळतेच आहे, मुलांना दूध पुरत नाही, साधी स्वयंपाकाची भांडी नाहीत. डॉली रडकुंडीला येते. तेव्हा घरातली जुनी दाई मात्रोना कारभाऱ्याच्या बायकोशी संधान बांधते आणि आठवड्याभरात छप्पर शाकारले जाते, दूध येते, कपाटांची दारे लागू लागतात. मग एके दिवशी डॉली मुलांना नदीवर आंघोळीला नेते, काठावर जमलेल्या शेतकरणींशी मुलांच्या दुखण्याखुपण्याच्या गप्पा मारते, आणि तिचे तिलाच कळत नाही की आपण आज सुखात आहोत. नवरा सुधारलेला नाही. तो पुढेही सुधारत नाही. छप्पर मात्र गळायचे थांबले आहे.

हे वाचताना मला आमच्या मंगळवेढ्याच्या सोयराबाईंची परंपरेने चालत आलेली कथा आठवते. येथे चोखोबांनी फसवणूक केली असे कोणी समजू नये. साम्य आहे ते बाईच्या एकटेपणात. चोखोबा घरी नाहीत आणि सोयराबाईंचे दिवस भरले. तेव्हा विठ्ठल नणंदेच्या, निर्मळेच्या, रूपाने दारात आला. त्याने उपदेश केला नाही, अभंग म्हटला नाही, बाळंतपण केले. ज्या लोकांनी ही कथा रचली आणि जपली त्यांना एकट्या बाईची गरज आमच्या पुष्कळ कादंबरीकारांहून अधिक कळली होती. आमच्या कादंबऱ्यांत अशा बाईला भेटायला वकील येतो, बंडखोर मैत्रीण येते, एखादा समजूतदार विधुर येतो, आणि सगळे बोलतात. बंबात पाणी तापवायला कोणीच येत नाही.

त्याच सोयराबाईंचा मुलगा कर्ममेळा. त्याचे अभंग आज उपलब्ध आहेत आणि त्यांत तो आपल्या वाट्याला आलेल्या हीन जन्माबद्दल विठोबालाच जाब विचारतो. आईबापांच्या भोगावर मुलाने स्वतःच्या आवाजात बोलावे, हे आमच्या गावात चौदाव्या शतकात घडले. त्यानंतर मराठीतला सर्वांत मोठा मुलाचा आवाज म्हणजे श्याम. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, १९३५ साली ती प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून आई म्हणजे काय हे आपण श्यामला विचारतो. पण श्यामच्या घरात दारिद्र्य होते, बाप होता. ज्याच्या घरातून बाप उठून दुसरीकडे राहायला गेला, आणि तरी दर रविवारी खाऊ घेऊन भेटायला येतो, त्या श्यामने आपल्या आईचे पुस्तक लिहावे, अशी मी वाट पाहते आहे. आईने कितीही प्रांजळपणे लिहिले तरी तिच्या पुस्तकात मूल तिच्या बाजूचे साक्षीदार असते. मुलाला कोणाच्याच बाजूने साक्ष द्यायची नसते. त्याला बापाचा रागही येतो आणि बाप हवाही असतो, आणि यातले दुसरे आईपुढे बोलण्याची त्याला चोरी असते. आई सावरली की नाही याची खरी खूण माझ्या मते हीच: तिच्यासमोर मुलाला बापाचे नाव मोकळेपणाने घेता येते की नाही.

सरकारने आपल्या परीने एक पाऊल टाकले आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नाव लिहिणे आवश्यक झाले. आधी मुलाचे, मग आईचे, मग बापाचे. ती मुले शाळेत येऊ लागतील तेव्हा हजेरी घेताना मला बरे वाटेल. पण हजेरीपटावर नाव आले म्हणून मुलाच्या पोटातली गाठ सुटत नाही.

ती गाठही टॉलस्टॉयनेच दाखवली आहे. अ‍ॅना प्रियकरासाठी घर सोडून गेल्यावर मागे राहिलेला तिचा मुलगा सेर्योझा कादंबरीच्या शेवटाकडे पुन्हा एकदा दिसतो. आता तो शाळेत जातो, मोठा झाला आहे, मित्रांबरोबर आगगाडीचा धोक्याचा खेळ खेळतो. मामा भेटायला येतो. मामाचा चेहरा आईसारखा आहे, म्हणून मुलाला तो नकोसा होतो. मामा विचारतो, आई आठवते का? नाही, असे मुलगा चटकन सांगतो आणि लालबुंद होऊन मान खाली घालतो. थोड्या वेळाने शिक्षकाला तो जिन्यात सापडतो. खेळताना लागले का, असे शिक्षक विचारतो. मुलगा म्हणतो, मला एकटे सोडा, मला आठवते की नाही याच्याशी कोणाला काय करायचे आहे!

निबंधाच्या तासाला ‘माझे बाबा’ हा विषय दिला की खिडकीकडे पाहत बसणारा, आणि विचारल्यावर पेन्सिलीला टोक नाही असे सांगणारा एक मुलगा बहुतेक प्रत्येक वर्गात असतो.